नाव नसलेल्यांची मोजदाद

१९८२ साली भुंगेऱ्यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख आला. लेखक होते टेरी अर्विन, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ. पनामाच्या जंगलात त्यांनी एकाच जातीची १९ झाडं निवडली होती. वेगवेगळ्या ऋतूंत या झाडांच्या शेंड्यांत कीटकनाशकाची धुरी सोडायची आणि खाली पडलेले कीटक गोळा करायचे, अशी त्यांची पद्धत. त्यातले नुसते भुंगेरे वेगळे काढले, तरी त्यांच्याच सुमारे १,२०० प्रजाती भरल्या. मग अर्विन यांनी हिशेब मांडला. यांतल्या १६३ प्रजाती केवळ याच झाडावर विसंबून असाव्यात; उष्ण कटिबंधात झाडांच्या ५० हजार प्रजाती आहेत; संधिपाद प्राण्यांत भुंगेऱ्यांचा वाटा ४० टक्के आहे. अशा आणि आणखी काही गृहीतकांवरून हिशेब करत ते तीन कोटींवर पोचले. एकट्या उष्ण कटिबंधात संधिपादांच्या तीन कोटी प्रजाती! विज्ञानाने तोवर नाव देऊन नोंदवलेले सगळे सजीव मिळून पंधरा लाखांच्या आसपास होते.

अर्विन यांच्या गृहीतकांवर पुढे बरीच टीका झाली. एका झाडाला बांधील असलेल्या कीटकांचं प्रमाण त्यांनी जास्त धरलं होतं, हे दिसून आलं आणि नंतरच्या अभ्यासकांनी आकडा पन्नास लाख ते एक कोटीच्या घरात आणला. पण त्या दोन पानांनी विचारलेला प्रश्न कुणाला पुसता आला नाही. पृथ्वीवर आपल्यासोबत राहणारे बहुसंख्य प्राणी बारीक आहेत, बिनकण्याचे आहेत आणि त्यांना नाव नाही. त्यांची गणती करायची कशी? पुढच्या चार दशकांत या प्रश्नाचं उत्तर शोधताना जीवशास्त्राची एक संपूर्ण पद्धत बदलली. ही त्या बदलाची हकिकत आहे.

बाटल्यांत अडकलेलं जग

लिनियसने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरे’ची दहावी आवृत्ती काढली, तेव्हा त्यात सुमारे ४,४०० प्राण्यांची नोंद होती. तिथून पुढची दोन-अडीचशे वर्षं नाव देण्याची रीत फारशी बदलली नाही. नमुना टाचणीवर किंवा काचपट्टीवर लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पंखांच्या शिरा, मिशांचे पेर, पायांवरचे केस मोजायचे आणि लंडन, पॅरिस किंवा बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलेल्या मूळ नमुन्याशी ते ताडून पाहायचे. अनेक बारीक माश्यांमध्ये दोन प्रजातींतला फरक फक्त नराच्या जननेंद्रियांत दिसतो. म्हणजे मादी हाती आली की काम अडलं. अंडी आणि अळ्या यांची ओळख तर बहुतेक वेळा अशक्यच. सूत्रकृमींचं आणखी अवघड. त्यांचं शरीर पारदर्शक, एखाद्या मिलिमीटरचं आणि बाहेरून एकसारखं. एका कुलाची जाण येण्यासाठी माणसाचं निम्मं आयुष्य जातं आणि अशी माणसं जगभरात प्रत्येक कुलामागे मोजकी.

नमुने गोळा करण्याची अडचण मात्र कधीच नव्हती. १९३४ साली रेने मॅलेझ हा स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ ब्रह्मदेशात, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात, कीटक जमवत हिंडत होता. आपल्या तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडण्यासाठी वरच्या कोपऱ्याकडे चढतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यावरून त्याने जाळीचा एक सापळा बनवला. मध्ये उभी जाळी, वर उतरतं छत आणि छताच्या सर्वांत उंच टोकाला बाटली. उडणारा कीटक जाळीला धडकतो, उजेडाकडे वर चढतो आणि बाटलीत पडतो. १९३७ मध्ये त्याने या सापळ्याचा आराखडा प्रसिद्ध केला. आज जगभर मॅलेझ सापळा वापरतात तो थोड्याफार फरकाने हाच. असा एक सापळा काही आठवड्यांत हजारो कीटक पकडतो. ते अल्कोहोलमध्ये सुरक्षित राहतात, पण त्यांची ओळख पटवायला वर्षानुवर्षं जातात. संग्रहालयांच्या फडताळांत अशा बाटल्या साचत गेल्या. त्यातली फुलपाखरं, चतुर, मोठे भुंगेरे निवडले जायचे आणि तळाशी राहिलेल्या काळपट, बारीक माश्यांच्या गाळाकडे वळायला कुणाला वेळ नसायचा.

रेणूंची वाट

१९७७ साली फ्रेडरिक सँगर यांनी डीएनएची अक्षरं वाचण्याची व्यवहार्य पद्धत दिली. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. कोविडच्या काळात घराघरांत पोचलेला हाच तो शब्द: डीएनएचा हवा तेवढाच तुकडा निवडून त्याच्या लाखो प्रती काढण्याची युक्ती. बारीक प्राण्यांसाठी ही युक्ती मोलाची होती. ज्याच्या शरीरातला डीएनए मोजणंही कठीण, त्या जीवाचाही मजकूर आता वाचता येणार होता.

अडचण उरली ती आरंभ कुठून करायचा याची. पीसीआरला तुकड्याच्या दोन्ही टोकांना चिकटणारे छोटे डीएनए-दुवे, म्हणजे प्रायमर, लागतात आणि ते प्रत्येक प्राण्यासाठी वेगळे शोधावे लागत. १९९४ मध्ये फोल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रायमरची अशी एक जोडी प्रसिद्ध केली, जी अपृष्ठवंशी प्राण्यांच्या ११ संघांमध्ये चालली. हे प्रायमर मायटोकाँड्रियामधल्या ‘सीओआय’ नावाच्या जनुकाचा सुमारे ७१० अक्षरांचा भाग उचलत. हा जनुक श्वसनासाठी लागणारं एक प्रथिन घडवतो, त्यामुळे तो जवळजवळ सगळ्या प्राण्यांत असतो. पण त्याची अक्षरं इतक्या वेगाने बदलत जातात की सख्ख्या शेजारी प्रजातींमध्येही फरक दिसतो.

मातीतल्या जीवांसाठी या वाटेवर पहिलं ठोस पाऊल स्कॉटलंडमध्ये पडलं. सोरहोप इथल्या डोंगराळ गवताळ कुरणात किती प्रकारचे सूत्रकृमी आहेत, हे एडिंबराच्या मार्क ब्लॅक्स्टर यांच्या गटाला शोधायचं होतं. त्यांनी एकेक कृमी वेगळ्या नळीत घेतला, विरघळवला आणि त्याच्या रायबोसोमच्या जनुकाचा तुकडा वाचला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘रेण्वीय बारकोड’ हा शब्द होता. अक्षरांवरून पडलेल्या गटांना त्यांनी प्रजाती म्हणण्याची घाई केली नाही. हे डीएनएवरून वेगळे दिसणारे गट आहेत, एवढंच त्यांनी म्हटलं. ही सावधगिरी पुढच्या सगळ्या वादांत मोलाची ठरणार होती.

ग्वेल्फचे पतंग

बारकोडची कल्पना जगभर नेली ती कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी. तरुणपणी त्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या पतंगांचा अभ्यास हाती घेतला होता. तिथे इतके प्रकार निघाले, आणि त्यांच्यातले फरक इतके सूक्ष्म, की ते काम त्यांना सोडून द्यावं लागलं. पुढची अनेक वर्षं ते गोड्या पाण्यातल्या डॅफ्निया या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या आनुवंशिकतेवर काम करत राहिले. दुकानातल्या मालावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा पाहून आपल्याला कल्पना सुचली, असं त्यांनी पुढे सांगितलं. काही मोजक्या रेघा हजारो वस्तूंना वेगळं ओळखू देतात. डीएनएच्या तर प्रत्येक जागी चार अक्षरांचा पर्याय आहे. मग काहीशे अक्षरांचा एकच ठरावीक तुकडा सगळ्या प्राण्यांची ओळख का पटवू शकणार नाही?

२००३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हेबर्ट आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. ग्वेल्फच्या परिसरातल्या पतंगांच्या एकमेकांना जवळच्या २०० प्रजाती त्यांनी सीओआयच्या तुकड्यावरून अचूक वेगळ्या करून दाखवल्या. त्याच वर्षी अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे या विषयावर दोन बैठका झाल्या. २००४ मध्ये बारकोडसाठी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि २००५ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पहिली जागतिक परिषद भरली. ६५८ अक्षरांचा सीओआयचा तुकडा प्राण्यांसाठी प्रमाण मानला जाऊ लागला.

विरोधही तितकाच तीव्र होता. क्वेंटिन व्हीलर यांच्यासारख्या वर्गीकरणशास्त्रज्ञांना वाटत होतं की प्राण्याचं रूप, वागणूक आणि उत्क्रांतीतलं नातं समजून घेण्याचं शास्त्र यामुळे एका तुकड्याच्या वाचनापुरतं आक्रसेल आणि आधीच तोकडा असलेला निधी यंत्रांकडे वळेल. ही भीती निराधार नव्हती. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे दोन प्रजातींत संकर झाला तर हा तुकडा चुकीची साक्ष देऊ शकतो. वोल्बाकियासारखे कीटकांच्या पेशीत राहणारे जिवाणूही त्याचा वारसा विस्कटतात. शिवाय सीओआयच्या काही निकामी नकला पेशीच्या केंद्रकात शिरलेल्या असतात आणि त्याच वाचल्या गेल्या, तर नसलेली प्रजाती कागदावर जन्माला येते. या वादाची कसोटी प्रयोगशाळेत लागणं शक्य नव्हतं. ती लागली कोस्टा रिकाच्या जंगलात.

ग्वानाकास्तेचे अळीपाळ

कोस्टा रिकाच्या वायव्येला ग्वानाकास्ते नावाचं संरक्षित क्षेत्र आहे. डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स हे दांपत्य १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे एक काम न थांबता करत होतं. जंगलातून अळ्या आणायच्या, कोणत्या झाडावर मिळाल्या ते लिहायचं, त्यांना तोच पाला खाऊ घालून वाढवायचं आणि कोषातून काय बाहेर येतं ते पाहायचं. कधी फुलपाखरू निघे, तर कधी अळीला आतून पोखरून वाढलेल्या परजीवी गांधीलमाश्या. या कामात त्यांच्यासोबत होती आसपासच्या गावांतली माणसं. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या स्त्री-पुरुषांना त्यांनी प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्यातून अळ्या शोधण्यात, वाढवण्यात आणि नोंदी ठेवण्यात जगात कुणाला हार न जाणारे अभ्यासक तयार झाले.

तिथे अ‍ॅस्ट्राप्टिस फुल्जेरेटर नावाचं निळसर झाक असलेलं एक फुलपाखरू मिळतं. १७७५ साली त्याला नाव मिळालं होतं आणि अमेरिकेच्या दक्षिणेपासून अर्जेंटिनापर्यंत ते एकच समजलं जाई. पण जॅन्झन यांच्या वह्या वेगळं सांगत होत्या. पंचवीस वर्षांत वाढवलेल्या अडीच हजारांहून अधिक अळ्यांत रंगांचे वेगवेगळे प्रकार होते आणि प्रत्येक प्रकार आपापल्या झाडाशी बांधील दिसत होता. प्रौढ फुलपाखरं मात्र सारखीच. हेबर्ट यांच्या प्रयोगशाळेत वाळलेल्या नमुन्यांचा एकेक पाय तपासण्यात आला आणि २००४ साली निकाल जाहीर झाला: ही एक प्रजाती नसून दहा आहेत. २००६ मध्ये अँड्र्यू ब्रॉवर यांनी हीच माहिती पुन्हा तपासून सांगितलं की तीनपेक्षा कमी नाहीत, पण सातपेक्षा जास्त सिद्ध होत नाहीत. आकड्यावर मतभेद राहिले. एक नाही, हे मात्र दोघांनाही मान्य होतं.

परजीवी गांधीलमाश्यांच्या बाबतीत चित्र आणखी बदललं. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा या माश्या अळ्यांवर जगतात आणि आपल्या शेतातल्या किडींनाही नैसर्गिक आवर घालतात. ग्वानाकास्तेतल्या या माश्यांच्या सहा गटांत रूपावरून १७१ प्रजाती मानल्या होत्या. २,५९७ नमुन्यांचे बारकोड, यजमान अळ्यांच्या नोंदी आणि सूक्ष्मदर्शकाखालचं निरीक्षण असं सगळं एकत्र ताडल्यावर २००८ मध्ये तो आकडा ३१३ झाला. सर्वभक्षी वाटणारी माशी प्रत्यक्षात एक-दोन यजमानांवरच जगणाऱ्या अनेक प्रजातींचा समूह होती. २०१४ साली तिथल्या अ‍ॅपँटेलिस गटातल्या १८६ नव्या प्रजातींचं वर्णन एकाच ग्रंथरूप निबंधात प्रसिद्ध झालं आणि त्यातल्या अनेक प्रजातींना अळ्या वाढवणाऱ्या गावकऱ्यांची नावं देण्यात आली. विज्ञानाच्या इतिहासात अशा कष्टकऱ्यांची नावं क्वचितच राहतात. इथे ती कायमची नोंदली गेली, आणि ते उचितच झालं.

डीएनएचं यश इथे दिसलं ते मागे पाव शतकाची हाताने लिहिलेली नोंद होती म्हणून. हे विसरलं की काय होतं, तेही याच जंगलाने दाखवलं. २०२१ मध्ये कोस्टा रिकाच्या ४०३ नव्या परजीवी गांधीलमाश्या मुख्यतः बारकोडच्या आधारे, अगदी त्रोटक वर्णनासह जाहीर झाल्या. रूडॉल्फ मायर आणि इतरांनी त्यावर कडक आक्षेप घेतला. हेच मायर डीएनएच्या साहाय्याने माश्या मोजण्यात आघाडीवर आहेत, म्हणून त्यांचा आक्षेप अधिक वजनदार. निव्वळ अक्षरांवर बेतलेल्या प्रजाती दुसरी कसोटी लावली की टिकतीलच असं नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

वाळूपासून कॅनडापर्यंत

दरम्यान यंत्रं बदलली होती. एकेक तुकडा वाचण्याऐवजी एकाच वेळी लाखो तुकडे वाचणं शक्य झालं. २०१० साली ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिटलहॅम्प्टन इथली वाळू घेतली, कणांच्या फटींत राहणारे एक मिलिमीटरहून बारीक प्राणी वेगळे केले आणि त्यांचा डीएनए एकत्रच वाचला. सूत्रकृमी सर्वाधिक निघतील हे अपेक्षित होतं. त्यांच्या खालोखाल विविधता निघाली चपट्या कृमींची. एरवीच्या पाहणीत हे मऊ अंगाचे प्राणी जवळजवळ दिसतच नाहीत, कारण टिकवण्याच्या द्रावणात ते आक्रसून ओळखू न येण्याजोगे होतात. दोन वर्षांनी डग्लस यू यांच्या गटाने सापळ्यातले सगळे कीटक एकत्र घोटून त्या मिश्रणाचा डीएनए वाचण्याची पद्धत मांडली. याला मेटाबारकोडिंग म्हणतात. वेग अफाट, पण मर्यादाही स्पष्ट: कोणते प्राणी आहेत ते कळतं, किती आहेत ते भरवशाने कळत नाही, आणि नमुनाच नष्ट झाल्याने पुन्हा पाहायला काही उरत नाही.

नमुना शाबूत ठेवून एकेक कीटक वाचण्याचा मोठा प्रयत्न कॅनडात झाला. २०१६ साली हेबर्ट यांनी दहा लाखांहून अधिक कॅनेडियन कीटकांच्या बारकोडचा ताळेबंद मांडला. जवळपास ४७ हजार प्रजाती-गट निघाले आणि देशात किमान ९४ हजार कीटक-प्रजाती असाव्यात असा अंदाज निघाला. आधीचा अंदाज होता ५४ हजारांचा. सगळ्यांत मोठा धक्का एका माशीच्या कुलाने दिला. भातशेतीतले आपले शेतकरी ज्या गादमाशीला ओळखतात, तिचं हे कुल. एकट्या कॅनडात या कुलाच्या १६ हजार प्रजाती असाव्यात, पूर्वीच्या अंदाजाच्या दहापट. यावरून जगाचा हिशेब केला तर कीटकांच्या एक कोटी प्रजाती येतात आणि त्यातल्या सुमारे १८ लाख या एका कुलात. म्हणजे भुंगेऱ्यांची सगळी कुलं मिळूनही या एका नाजूक माशीच्या कुलाला पुरी पडतील की नाही, अशी शंका निर्माण झाली. प्राणिसृष्टीतलं सर्वांत मोठं घराणं भुंगेऱ्यांचं, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवलं गेलं होतं.

हा अंदाज फक्त कॅनडापुरता नव्हता. युगांडाच्या किबाले अरण्यात लावलेल्या एका मॅलेझ सापळ्यातल्या, पाठीवर कुबड असलेल्या बारीक माश्यांच्या एका कुलाचे सुमारे ७ हजार नमुने अमृता श्रीवत्सन, मायर आणि सहकाऱ्यांनी तळहाताएवढ्या यंत्रावर वाचले. २०१९ मध्ये त्यांनी लिहिलं की त्यात ६५० हून अधिक प्रजाती आहेत. सहाराच्या दक्षिणेकडच्या संपूर्ण आफ्रिकेतून तोवर या कुलाच्या ४६६ प्रजातींना नाव मिळालं होतं. एका सापळ्याने अख्ख्या भूभागाची यादी मागे टाकली.

मोजणीच्या पलीकडे

या सगळ्याची निकड २०१७ मध्ये जर्मनीतून आलेल्या बातमीने वाढवली. क्रेफेल्ड इथल्या कीटकप्रेमींनी २७ वर्षं ६३ संरक्षित जागांवर मॅलेझ सापळे लावले होते. उडत्या कीटकांचं एकूण वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचं त्यातून दिसलं. पण त्यांनी मोजलं होतं ते वजन. कोणत्या प्रजाती गेल्या, हे वजनावरून कळत नाही. जे नाव घेऊन आले नव्हते, ते गेल्याची नोंद कोण ठेवणार?

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. २०१८ साली कर्नाटकात मक्यावर एक अनोळखी अळी दिसली. रूपाच्या खुणा आणि सीओआयची अक्षरं ताडून ती अमेरिकन लष्करी अळी असल्याचं निश्चित झालं. त्याच हंगामात ती महाराष्ट्रात मक्यावर आणि मग उसावरही पोचली. ओळख तातडीने पटली, कारण या अळीचे बारकोड आधीच संग्रहात होते. अमेरिकेत कुणीतरी तो पतंग पकडून, नाव लिहून, जपून ठेवला होता. ज्या किडीचा, किंवा ज्या मित्रकीटकाचा, नमुना कुणीच जपलेला नाही, तिची अक्षरं कितीही चांगल्या यंत्राने वाचली तरी उत्तर येतं फक्त एक क्रमांक.

चाळीस वर्षांच्या या इतिहासाचा माझ्या मते निष्कर्ष हा: डीएनएने बारीक प्राण्यांना गणतीत आणलं आणि हे काम दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने झालं नसतं. पण क्रमांकाला अर्थ देतो तो अळी वाढवणारा, ती कोणता पाला खाते याची नोंद ठेवणारा, नमुना जपणारा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून नाव देणारा माणूस. ग्वानाकास्तेत हे काम गावकऱ्यांनी केलं. सह्याद्रीच्या गावांत, कोकणातल्या भातखाचरांत, विदर्भाच्या जंगलांत ते करू शकतील अशी माणसं आपल्याकडे आहेत. आपल्या विद्यापीठांनी यंत्रं जरूर घ्यावीत, पण त्यांच्या जोडीला वर्गीकरणशास्त्राच्या जागा भराव्यात, नमुन्यांचे संग्रह सांभाळावेत आणि गावोगावच्या निरीक्षकांना प्रशिक्षण व मानधन द्यावं. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझं सांगणं आहे: एखादं दुर्लक्षित कुल निवडा आणि त्याचे जाणकार व्हा. त्या कुलाला तुमची गरज आहे.